वृद्धसेवेच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासवर्गाला पहिल्यांदा जाताना

मी सांगलीत फिजिओथेरपीची पदवी घेतली आणि पुढच्या शिक्षणासाठी बेल्जियमला आले. दुसऱ्या सत्रात कॉलेजकडून एक ईमेल आला. नेदरलँड्समध्ये दहा दिवसांचा अभ्यासवर्ग होता, विषय वृद्धांची सेवा. नर्सिंग, फार्मसी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं स्वतःला करता यावीत यासाठीची थेरपी), समाजकार्य अशा वेगवेगळ्या शाखांचे विद्यार्थी पाच देशांतून येऊन एकत्र शिकणार होते. मी अर्ज केला, निवड झाली, जाऊनही आले. पण कितीतरी गोष्टी तिथे पोहोचल्यावर कळल्या. त्यातल्या काही आधी कळल्या असत्या तर तिथले पहिले तीन दिवस वाया गेले नसते. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. युरोपात शिकणाऱ्या आणि महाराष्ट्रातून तिकडे जाऊ पाहणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल.

१. हा प्रकार नेमका काय आहे ते आधी समजून घ्या

याला आंतरव्यावसायिक शिक्षण म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली त्याची व्याख्या केली. तिचा गाभा असा: दोन किंवा अधिक व्यवसायांचे विद्यार्थी एकमेकांविषयी, एकमेकांकडून आणि एकमेकांसोबत शिकतात, ते रुग्णाचं भलं व्हावं म्हणून. एकाच वर्गात बसून एकच व्याख्यान ऐकलं की ते झालं, असं नाही. आपल्याकडेही पहिल्या वर्षी शरीररचनेच्या तासाला दोन-तीन शाखा एकत्र बसतात, पण तिथे कोणी कोणाकडून काही शिकत नाही.

कल्पना नवी नाही. स्वीडनमधल्या लिंकपिंग विद्यापीठात १९८६ पासून आरोग्यशाखांचे विद्यार्थी एकत्र शिकतात, आणि १९९६ साली तिथे विद्यार्थ्यांनी मिळून चालवायचा वॉर्ड सुरू झाला. वृद्धांच्या बाबतीत ही पद्धत जास्त लागू पडते, कारण ऐंशीच्या पुढच्या माणसाचा त्रास क्वचितच एका शाखेत मावतो. पडण्याच्या एका तक्रारीमागे गुडघा असतो, गोळी असते, अंधारातला बोळ असतो, एकटेपणही असतं.

युरोपात असे वर्ग बहुतेक वेळा इरास्मस प्लस या युरोपीय संघाच्या शिक्षण-देवाणघेवाण योजनेतल्या ‘ब्लेंडेड इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम’खाली चालतात. विद्यार्थी त्याला ‘बिप’ म्हणतात. त्याचे नियम साधे आहेत. किमान तीन देशांतल्या तीन संस्था, प्रत्यक्ष उपस्थिती ५ ते ३० दिवस, त्याला जोडून सक्तीचा ऑनलाइन भाग, आणि किमान ३ ईसीटीएस क्रेडिट, म्हणजे युरोपातल्या कॉलेजांत चालणारे अभ्यासाचे गुणांक. एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं काम. म्हणजे एकूण ७५ ते ९० तास. सहलीसारखं जाऊन यायचं नाही, हे या आकड्यावरूनच लक्षात घ्या.

२. जागा कशी मिळवायची

युरोपातल्या कॉलेजात पदवीसाठी नाव नोंदवलेलं असेल तर तुमचं नागरिकत्व आड येत नाही. भारतीय पासपोर्टवरही तुम्ही त्या कॉलेजचे विद्यार्थी म्हणून जाऊ शकता. हे माहीत नसल्यामुळे माझ्या वर्गातल्या दोन भारतीय मुलींनी अर्जच केला नाही. भारतातल्या कॉलेजातून जायचं असेल तर तुमच्या कॉलेजचा तिकडच्या कॉलेजशी करार आहे का, हे प्राचार्यांच्या कार्यालयात किंवा आंतरराष्ट्रीय विभागात आधी विचारा. करार नसेल तर यजमान कॉलेजला थेट लिहून विचारता येतं, पण तेव्हा खर्च बहुधा स्वतःचा असतो.

पैशांबाबत सगळ्यांचा एक गोंधळ होतो. अनुदान यजमान कॉलेज देत नाही, तुम्हाला पाठवणारं कॉलेज देतं. मी दोन आठवडे चुकीच्या माणसाला ईमेल करत बसले होते. इरास्मसखाली जाणाऱ्याकडून यजमान कॉलेजला शिकवणी फी घेता येत नाही. राहणं, जेवण आणि प्रवास त्या अनुदानातून भागवायचा असतो, आणि अनुदानाचा काही भाग परतल्यावर हाती येऊ शकतो. त्यामुळे तिकिटापुरते पैसे आधी बाजूला ठेवा.

अर्जासोबतच्या पत्रात ‘लहानपणापासून मला वृद्धांच्या सेवेची आवड आहे’ असं लिहू नका. एक रुग्ण, एक प्रसंग आणि त्यात तुमच्या शाखेला जे एकटीने जमलं नाही ते लिहा. घरात आजी-आजोबांसोबत वाढलो हे आपल्यापैकी बरेचजण लिहितात. ते जरूर लिहा, पण नुसतं तेवढंच लिहू नका. घरात सेवा करणाऱ्या सुनेची किंवा मुलीची दमणूक तुम्ही जवळून पाहिली असेल तर तेच लिहा. निवड करणाऱ्यांना त्यात खरी माहिती मिळते.

३. कागदपत्रं

यातली काही मिळायला वेळ लागतो, म्हणून निवडीचा ईमेल येताच सुरुवात करा.

- पासपोर्ट आणि युरोपातलं निवास कार्ड, दोन्ही. शेंगेन देशांत, म्हणजे आपापसातल्या सीमांवर सहसा तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत, या दोन्हींवर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. कार्डाचं नूतनीकरण चालू असेल तर नुसती पावती सीमेपलीकडे चालेलच असं नाही, आधी विचारून घ्या. आयर्लंड आणि सायप्रस शेंगेनमध्ये नाहीत.
- भारतातून जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निघण्याच्या किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध हवा, दहा वर्षांहून जुना नको, दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा.
- ‘लर्निंग ॲग्रीमेंट’, म्हणजे तिथे काय शिकणार याचा लेखी करार. तुमची, तुमच्या कॉलेजची आणि यजमान कॉलेजची, तिन्ही सह्या निघण्याआधी हव्यात. क्रेडिट नंतर याच कागदावर मिळतात.
- आरोग्य विम्याचं कार्ड आणि तुमच्या हातून रुग्णाला काही इजा झाली तर त्याची भरपाई करणारा दायित्व विमा.
- लसीकरणाची नोंद. हेपटायटिस बीची नुसती लस घेतल्याचा दाखला पुरत नाही, रक्तातल्या अँटिबॉडीचा अहवाल मागतात. क्षयरोगाची तपासणीही मागू शकतात.
- एमआरएसए या जंतूच्या तपासणीचा अहवाल, नेदरलँड्ससाठी खास.
- पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, मागितलं तर. भारतात पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतं, परदेशात असाल तर दूतावासामार्फत.

एमआरएसएबद्दल थोडं जास्त सांगते. हा अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू. डच रुग्णालयांत तो फार कमी आढळतो, आणि तो शोधून थांबवायचं त्यांचं धोरण कडक आहे. परदेशातल्या रुग्णालयात नुकतंच काम केलेल्या माणसाला तिथे रुग्णाजवळ जाण्याआधी नाकातून आणि घशातून स्वॅब द्यावा लागतो. मी सुट्टीत सांगलीला आले होते तेव्हा तीन आठवडे जुन्या ओपीडीत बसले होते. फॉर्मवर ते खरं लिहिलं, आणि अहवाल येईपर्यंत पहिले तीन दिवस मला कोणाच्याही घरी पाठवलं नाही. फॉर्मवर खोटं लिहू नका. निघण्याआधी पंधरा दिवस स्वॅब कुठे देता येईल ते विचारा.

४. ऑनलाइन भाग: हाच बहुतेकांचा बुडतो

प्रत्यक्ष जाण्याआधी तीन-चार ऑनलाइन बैठका होतात, गट ठरतात आणि एक केस वाचायला मिळते. बहुतेकजण कॅमेरा बंद करून बसतात. तसं करू नका. गटाची ओळख इथेच होते.

आमच्या गटात पाचजण होतो. फिनलंडची नर्सिंगची विद्यार्थिनी, पोर्तुगालचा फार्मसीचा, स्पेनची ऑक्युपेशनल थेरपीची, डच समाजकार्याची आणि मी. केस होती ८४ वर्षांच्या एकट्या राहणाऱ्या बाईंची, महिन्याभरात दोनदा पडलेल्या. फाइलमध्ये लिहिलं होतं: बार्थेल १७.

बार्थेल निर्देशांक आपण सगळेच शिकतो. जेवण, अंघोळ, कपडे, चालणं अशा दहा गोष्टींत माणूस किती स्वावलंबी आहे त्याचे गुण. स्पॅनिश मैत्रिणीने आणि मी ते शंभरपैकी शिकलो होतो. शंभरपैकी १७ म्हणजे जवळजवळ सगळं दुसऱ्याने करायचं. तिने बाईंना पलंगावरून उचलायच्या यंत्राचा आराखडा केला, मी पलंगावरचे व्यायाम लिहिले. नेदरलँड्समध्ये हाच निर्देशांक वीसपैकी मोजतात. वीसपैकी १७ म्हणजे बाई घरात जवळजवळ सगळं स्वतः करतात. चौथ्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो तेव्हा दार त्यांनीच उघडलं, आणि कॉफीसुद्धा त्यांनीच केली.

म्हणून पहिल्याच ऑनलाइन बैठकीत या चार गोष्टी विचारा. कुठलं मोजमाप, कितीपैकी? ‘वृद्ध’ म्हणजे किती वयापासून? (आपल्याकडे ६०, युरोपातल्या आकडेवारीत बहुधा ६५.) तुमच्या देशात तुमच्या शाखेला काय करायची परवानगी आहे? आणि औषधांची नावं मूळ नावाने लिहायची ना? आपल्या तोंडात बसलेली कंपनीची नावं तिथे कोणाला कळत नाहीत.

आपापल्या विषयाची उजळणी सगळेच करून येतात. त्यापेक्षा शेजारच्या विषयाची करा. गटातल्या प्रत्येक शाखेबद्दल अर्धा तास वाचा आणि प्रत्येकाला विचारायचा एक खरा प्रश्न लिहून न्या. या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. तिथे तुम्हाला किती येतं यापेक्षा दुसऱ्याला नेमकं काय विचारता येतं, यावर सगळं ठरतं.

५. पहिल्या दिवशीच्या गोष्टी

कोपराखाली काहीही नको. अंगठी, घड्याळ, धागा, बांगड्या, सगळं काढायचं, बाह्या आखूड, नखं कापलेली आणि विनारंगाची. नवीन लग्न झालेल्या मैत्रिणींनी चुड्याचा विचार निघण्याआधीच घरच्यांशी बोलून करावा. तिथे दारात उभं राहून तो निर्णय घेणं फार जड जातं. बूट बंद हवेत.

वयस्कर बाईंना आपण सहज ‘आजी’ म्हणतो. तिथे ‘मेव्राउ’ आणि आडनाव, पुरुषांना ‘मेनेर’ आणि आडनाव. त्यांनी स्वतः सांगितलं तरच पहिल्या नावाने. उलट शिक्षकांना आणि डॉक्टरांना मात्र सगळे पहिल्या नावाने हाक मारतात. ‘सर’ म्हणायची सवय सुटायला मला आठवडा लागला.

फोटो काढू नका. वृद्धाचा तर नाहीच, त्यांच्या खोलीचा, औषधांच्या डब्याचासुद्धा नाही. युरोपचा माहिती संरक्षण कायदा २०१८ पासून लागू आहे आणि तो विद्यार्थ्यांनाही लागतो. आमच्याच वर्गातल्या एकाने जेवणाच्या खोलीतला फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवला, मागे दोन वृद्ध दिसत होते. त्याला उरलेले दिवस वर्गातच बसावं लागलं. टिपणात नाव लिहायचं नाही आणि टिपणवही केंद्राबाहेर न्यायची नाही.

६. मदत करायच्या आधी थांबा

हे आपल्याला सगळ्यात अवघड जातं, म्हणून वेगळं लिहिते.

वृद्धाश्रमातल्या पहिल्या सकाळी एक बाई ब्लाउजची बटणं लावत होत्या. संधिवाताने बोटं वाकलेली. दुसरं बटण तिसऱ्या काजात गेलं, त्यांनी ते काढलं, पुन्हा सुरुवात केली. माझा हात आपोआप पुढे गेला. शेजारी उभ्या असलेल्या सेविकेने माझ्या मनगटाला हलकेच स्पर्श केला आणि मान हलवली. सहा बटणांना सात मिनिटं लागली. शेवटचं लागल्यावर बाईंनी कॉलर ओढून सरळ केली आणि आरशात पाहिलं. डच लोक याला ‘हात पाठीमागे ठेवून काळजी घेणं’ म्हणतात. आपल्याकडे सून सासूला भरवते ते प्रेमच आहे, ते चूक आहे असं मी म्हणत नाही. पण जे बोटांना अजून जमतं ते काढून घेतलं की काही आठवड्यांत ते खरंच जमेनासं होतं, हे फिजिओथेरपिस्ट म्हणून मला माहीत होतं आणि तरीही हात पुढे गेला.

दुसरा सापळा पलंगाच्या कठड्याचा. रात्री कोणी पडू नये म्हणून आपण कठडा वर करतो. नेदरलँड्समध्ये २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ज्या माणसाला स्वतः निर्णय घेता येत नाही त्याच्या हालचालीवर असं बंधन घालणं ही सक्तीची उपाययोजना ठरू शकते. आधी पर्याय शोधायचे, चर्चा करायची, नोंद करायची. विद्यार्थ्याने स्वतःहून कठड्याला हात लावायचा नाही.

आणि ती सेविका. डच भाषेत तिला ‘फेरझोर्खंडे’ म्हणतात. नर्सपेक्षा कमी शिकलेली, पण रोज अंगाला हात लावणारी तीच. कोणाला रात्री झोप लागत नाही, कोण गोळी गालात धरून ठेवतं, हे तिला माहीत असतं. बैठकीत तिला बोलायची पाळी शेवटी येते. तुम्ही आधीच तिच्याजवळ जाऊन विचारा.

७. केसवर काम: प्रत्येकाचा वेगळा अहवाल नको

पुन्हा त्या ८४ वर्षांच्या बाईंकडे येते. आयुष्य ट्यूलिपच्या शेतात काढलेलं, हात अजून मजबूत. मी ‘उठा आणि चाला’ चाचणी घेतली. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १९ सेकंद लागले. मी पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम लिहिले. स्पॅनिश मैत्रिणीने बोळातला गालिचा काढायला सांगितला. दोन्ही बरोबर होतं. पण दोन्ही वेळा बाई पहाटे दोन-तीनच्या सुमारास पडल्या होत्या, आणि ‘रात्री त्या उठतात का’ हे आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं.

फार्मसीच्या विद्यार्थ्याने औषधांची यादी पाहून एवढंच विचारलं, ‘फ्युरोसेमाइड किती वाजता घेता?’ फ्युरोसेमाइड म्हणजे लघवी वाढवणारी गोळी, सहसा सकाळी घ्यायची. बाई म्हणाल्या, संध्याकाळी सहाला. तिथेच तो थांबला असता तर त्याने ‘सकाळी घ्या’ असं लिहून टाकलं असतं. फिनिश नर्सने विचारलं, ‘सहालाच का?’ बाई जरा लाजल्या. दर गुरुवारी सकाळी चर्चच्या सभागृहात मैत्रिणींबरोबर कॉफी आणि पत्ते असतात. तिथलं स्वच्छतागृह जिन्याखाली आहे, दोनदा फजिती झाली. म्हणून त्यांनी गोळी संध्याकाळवर ढकलली होती, आणि रोजची वेळ एकच असावी म्हणून सगळ्याच दिवशी. रात्री झोपेचीही गोळी होती. मग आडवं असताना आणि उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी रक्तदाब मोजला. वरचा आकडा २० पेक्षा जास्त खाली आला.

आता सगळं जुळलं. झोपेच्या गोळीची गुंगी, लघवीची घाई, उठताच खाली जाणारा रक्तदाब, अंधारा बोळ आणि गालिचा. माझे व्यायाम चांगले होते, पण पहाटे दोनचं पडणं नुसत्या व्यायामांनी थांबलं नसतं. आम्ही मिळून एका पानाचा आराखडा केला आणि पहिल्या ओळीत लिहिलं: ‘बाईंना गुरुवारी कॉफीला जायचं आहे.’ गोळी एरवी सकाळी, गुरुवारी मात्र दुपारी घरी परतल्यावर, झोपेची गोळी हळूहळू कमी करता येईल का याचा विचार, असा प्रस्ताव त्यांच्या फॅमिली डॉक्टरांकडे गेला, आणि त्यांनी तो मान्य केला. औषधात बदल विद्यार्थ्याने परस्पर कधीही सांगायचा नाही, हे लक्षात असू द्या.

म्हणून भेटीला जाताना पहिला प्रश्न ‘काय त्रास होतो?’ असा न विचारता ‘तुम्हाला काय करता यायला हवं आहे?’ असा विचारा. आणि ‘का?’ हा प्रश्न एकदा तरी जास्त विचारा.

८. बैठकीत बोलणं

डच मुलं सरळ तोंडावर बोलतात. ‘मला हे पटत नाही’ म्हणतात आणि पाच मिनिटांनी तुमच्याबरोबर जेवायला बसतात. ते मनाला लावून घेऊ नका. आपण मोठ्यांसमोर गप्प बसतो तो आदर म्हणून, पण तिथे गप्प बसणं म्हणजे ‘हिला मान्य आहे’ किंवा ‘हिची तयारी नाही’.

घाबरायला होत असेल तर एसबीएआरचा साचा वापरा: स्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, माझी शिफारस. प्रत्येकी एक-दोन वाक्यं. इंग्रजी अडखळली तरी चालतं, तिथे बहुतेकांची ती दुसरी किंवा तिसरी भाषा असते. स्वतःच्या शाखेचे जड शब्द मात्र टाळा. मी ‘प्रोप्रिओसेप्शन’ म्हणाले तेव्हा समाजकार्याच्या मुलीने विचारलं, म्हणजे काय? ‘डोळे मिटले तरी पाय कुठे आहे हे कळणं,’ असं सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, ‘मग बोळात रात्रीचा दिवा का नाही लावला?’

९. परतल्यावर

उपस्थितीचा दाखला निघायच्या दिवशीच हातात घ्या, त्यावरच्या तारखा तपासा. गुणपत्रक यायला काही आठवडे लागतात. आलं नाही तर यजमान समन्वयकाला आणि तुमच्या कॉलेजला एकाच ईमेलमध्ये लिहा. शेवटच्या अहवालात दहा दिवसांची दैनंदिनी उतरवू नका. तुमचं मत जिथे बदललं तो एक प्रसंग घ्या आणि ते कोणाच्या कुठल्या प्रश्नाने बदललं ते लिहा.

आपल्याकडे परतून लगेच काय करता येतं? राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, काही रुग्णालयांत वृद्धांची वेगळी ओपीडीही असते, पण वेगवेगळ्या शाखांनी एकत्र बसायची वेळ कोणाच्याच वेळापत्रकात नसते. मी सुट्टीत जुन्या ओपीडीत एवढंच सुरू केलं. पडून आलेल्या प्रत्येक वयस्कर माणसाला सांगायचं, पुढच्या वेळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा. पहिल्याच आठवड्यात कुपवाडच्या एका आजोबांच्या पिशवीतून रक्तदाबाच्या एकाच औषधाची दोन कंपन्यांची दोन पाकिटं निघाली, दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहिलेली. ते दोन्ही रोज घेत होते. मी पिशवी घेऊन त्यांच्यासोबत वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेले, आणि वाटेत जिन्यात त्यांना विचारलं, ‘आजोबा, तुम्हाला बरं वाटल्यावर काय करायचंय?’ ते म्हणाले, नातवाला शाळेत सोडायला जायचं आहे, चालत.